हिरवा झालेला पेला

तिसऱ्या काचघरात त्या सकाळी रोपांपेक्षा माणसं जास्त होती. ट्रे भरणाऱ्या बायका, कलमं बांधणारे, पाइपवाले, गाडीवाले, सगळे हातातली कामं टाकून रांगेत उभे होते. कामं टाकायला खुद्द मालकांनीच सांगितलं होतं, त्यामुळे सगळ्यांच्या चेहऱ्यावर भक्तिभाव जरा जास्तच उतू चालला होता. मधल्या बाकावरची मिरचीची रोपं खाली उतरवून तिथे पांढरी चादर अंथरली होती. चादरीवर एकतीस काचेचे पेले होते आणि प्रत्येकात जांभळं पाणी. काचेच्या छतातून उतरणाऱ्या उन्हात ते इतकं सुंदर दिसत होतं की बघणाऱ्याला उगाचच अपराध्यासारखं वाटावं.

बाकामागे जलवैद्य उभे होते. पांढरा कोट, पांढरे बूट, आणि अंगाला असलं जबरदस्त अत्तर की पहिल्या रांगेतली माणसं तोंडानं श्वास घेत होती.

"पाणी ऐकतं," जलवैद्य म्हणाले. "पाणी बघतं. पाणी लक्षात ठेवतं. आज त्याला शिवी द्याल, तर पाच वर्षं विसरणार नाही."

रोज सकाळी पंपाला आईबहिणीवरून शिव्या घालणारा मुकादम जागच्या जागी पांढरा पडला.

"एखाद्या हातात अशी आग असते की पाणी त्या हाताला घाबरतं. घाबरलेलं पाणी मुळात शिरतं. मग मूळ घाबरतं. मग पान पिवळं पडतं. किती सोपं आहे!"

"आणि उकळताना काय, किंचाळतं?" रांगेतले मीटरकाका शेजारच्याच्या कानात पुटपुटले. शेजारी हसला नाही. उलट त्यानं एक पाऊल बाजूला सरकून घेतलं, कारण काकांच्या बोलण्याची ठिणगी आपल्यावर उडायला नको.

या रोपवाटिकेतलं पाणी मोजणं हे मीटरकाकांचं काम. म्हणून तर हे नाव. रोज सकाळी ते टाकीच्या पाण्यात यंत्राची काचेची दांडी बुडवायचे आणि पडद्यावरचा पीएचचा आकडा वहीत लिहायचे. पाणी आंबट की साबणासारखं बुळबुळीत, ते हा आकडा सांगतो. सात म्हणजे मधोमध, खाली गेलं की आंबट, वर गेलं की साबणी. रोपांना सहाच्या आसपासचं, किंचित आंबट पाणी मानवतं. अख्ख्या वाटिकेत ही गोष्ट फक्त आपल्याला कळते, याचा काकांना फार अभिमान होता, आणि माणसाला असला अभिमान चढला की त्याचं डोकं थोडं बंद पडतंच.

रांग पुढे सरकत होती. एकेक जण कोरड्या फडक्याला हात पुसून पेल्यात बोटं बुडवत होता. पाणी जांभळं ते जांभळंच. प्रत्येक जण सुटकेचा श्वास टाकून पलीकडे जात होता आणि पलीकडे जाताच मागच्यांकडे संशयानं बघायला लागत होता.

"ट्रेवाली राहिली," मुकादम ओरडला. "ए, ये लवकर! हौद सोड तो!"

ट्रेवाली म्हणजे मीटरकाकांची वहिनी. त्यांचा थोरला भाऊ गेल्यावर काकांनीच मालकांना सांगून तिला इथे लावलं होतं. रिकामे ट्रे धुण्याच्या सोड्याच्या हौदात घासायचे, हे तिचं काम. सात वर्षं झाली. कामाबरोबर आवारातली एक खोली मिळाली होती. खोलीपासून मुलीची शाळा पाच मिनिटांवर होती, आणि त्या पाच मिनिटांवर त्या दोघींचं सगळं आयुष्य बेतलेलं होतं.

वहिनी धावत आली, हात पदराला पुसले आणि चारही बोटं पेल्यात घातली.

पाणी हिरवं झालं. आधी बोटांभोवती धूर निघाल्यासारखं, मग खालपर्यंत, मग सगळंच.

कोणीतरी किंचाळलं. मागची बाई पुढचीवर आदळली. जलवैद्यांनी डोळे मिटले, आपली दोन बोटं त्या पेल्यात फिरवली, ओठांतल्या ओठांत काहीतरी म्हटलं, आणि हिरवं पाणी बघता बघता गुलाबी झालं.

"मी होतो म्हणून," ते हळूच म्हणाले.

मालकांनी हात जोडले.

मालकांचंही बिचाऱ्यांचं डोकं ठिकाणावर नव्हतं. दोन-तीन महिन्यांपासून वाटिकेची अब्रू जात होती. कोवळी पानं पिवळी पडत होती, शिरा तेवढ्या हिरव्या राहत होत्या. टोमॅटो, मिरची, फुलकोबी, सगळ्यांची एकच तऱ्हा. गिऱ्हाइकं ट्रेच्या ट्रे परत आणून फाटकात टाकत होती. मालकांनी खत बदललं, माती बदलली, बी बदललं. शेवटी पाण्याबद्दल विचारलं, तर मीटरकाकांनी वही पुढे केली. सात पूर्णांक शून्य. काल सात, परवा सात, तेरवा सात. चार महिन्यांपूर्वीपर्यंत हेच पाणी आठाच्या वर असायचं आणि काका त्यात मापानं ॲसिड ओतून ते सहावर आणायचे. मग एके दिवशी आकडा आपसूक सातावर आला. मालक म्हणाले, "बोअरचं पाणी सुधारलं, आता ते ॲसिड बंद कर." काकांनी बंद केलं. यंत्र म्हणतंय पाणी चांगलं, तर दोष पाण्याच्या पलीकडचा असणार, असं मालकांनी ठरवलं. पलीकडचं बघणारा माणूस त्यांना आठवड्याभरात सापडला. असली माणसं शोधावी लागत नाहीत, ती वासावर येतात.

"बाई," मालक म्हणाले, "तुमच्यावर माझा राग नाही. पण शनिवारपर्यंत हे निस्तरलं पाहिजे. नाहीतर खोली मोकळी करून द्या."

"मालक, मी रोपांना हातच लावत नाही. मी रिकामे ट्रे धुते. माझ्या हातानं रोपं मरतील कशी?"

"ट्रेमधूनच जातं ना ते!" मुकादम म्हणाला.

"काय जातं?"

या प्रश्नाला उत्तर नव्हतं, म्हणून सगळे एकदम बोलायला लागले.

जलवैद्यांनी उपाय सांगितला. त्रिदिन शुद्धी. टाकीजवळच्या पत्र्याच्या खोलीत ॲसिडचा कॅन त्यांनी आदल्या दिवशीच बघून ठेवला होता, जसा सोड्याचा हौदही बघून ठेवला होता. "तिखट पाण्यात हात," ते म्हणाले, "मनगटापर्यंत. शंभर मोजेपर्यंत. गुरुवार, शुक्रवार, शनिवार. एक भाग तिखट, दहा भाग साधं. आगीला आगच ओढून काढते."

पत्र्याच्या खोलीची किल्ली मीटरकाकांकडे होती.

काका ॲसिड ओळखून होते. चार थेंब उडाले तर पँटीला भोकं पडतात, हे त्यांनी स्वतःच्या पँटीवर पाहिलं होतं. गुरुवारी सकाळी बादली भरताना त्यांचा हात थांबला. मग त्यांनी एकास दहाऐवजी एकास वीस केलं, कोणाला न सांगता. त्या दुपारी जेवताना ते स्वतःवर जरा खूशच होते.

वहिनीनं हात बादलीत घातले. भोवती बायकांचं कडं होतं आणि शंभर मोजायचं काम त्यांनी हौसेनं घेतलं होतं. सगळ्यात मोठा आवाज वांग्याच्या ट्रेवरल्या बाईचा. या बाईला वहिनीनं दोन वर्षांपूर्वी स्वतःच्या खोलीत आठ दिवस झोपायला जागा दिली होती. चाळिसाला वहिनीचे ओठ घट्ट झाले. सत्तरला ती म्हणाली, "जरा भराभर मोजा गं." बाईनं उलट सावकाश मोजलं, कारण घाई केली तर शुद्धी अर्धवट राहील, असं तिला मनापासून वाटत होतं.

हात बाहेर आले तेव्हा लालबुंद होते. सोड्यानं सात वर्षं कातडीला भेगा पाडल्या होत्या, आणि त्या प्रत्येक भेगेत ॲसिड शिरलं होतं.

ट्रे धुवायला आता दोन वेगळ्या बायका लावल्या, त्यातली एक हीच मोजणारी. वहिनीला ट्रेला शिवायची बंदी झाली. पण पाहुण्यांच्या खोलीतली भांडी तिच्याकडेच आली. भांड्यांना मुळं नसतात, असा खुलासा मुकादमानं केला. पाहुण्यांच्या खोलीत जलवैद्य उतरले होते. त्यांचा माणूस रोज सकाळी एक मोठं पातेलं बाहेर ठेवायचा.

शुक्रवारी दुपारी वहिनी ते पातेलं घेऊन काकांच्या टेबलाशी आली. सकाळी हात दुसऱ्यांदा बुडवून झाले होते. बोटांना फडकी गुंडाळलेली, पातेलं दोन मनगटांमध्ये धरलेलं.

"भाऊजी, हे बघा."

पातेल्याच्या तळाला जांभळा ओघळ होता आणि पाल्याची एक चिंधी चिकटलेली होती. वहिनीनं पातेल्यातच ठेवून आणलेल्या पेल्यातलं सोड्याचं पाणी त्यावर ओतलं. ओघळ हिरवा झाला. मग तिनं दातांनी लिंबाची फोड धरून वर पिळली. हिरवं गेलं, गुलाबी आलं.

"जांभळा कोबी आहे," ती म्हणाली. "उकळलेला. काल घासताना नाकाला वास आला. कोबी उकळला की घर कसं घाण मारतं, ते काय मला सांगायला पाहिजे? म्हणून ते अत्तर. आणि त्या अत्तरातच लिंबू नाहीतर तसलंच काहीतरी असणार, म्हणून त्याची बोटं फिरली की गुलाबी. माझ्या हाताला सोडा होता, भाऊजी. बाकी कोणी सोड्यात हात घालत नाही. एवढंच आहे."

काकांना ते पहिल्याच थेंबाला कळलं होतं. शाळेत लिटमसचा कागद बघितलेल्या कोणालाही कळलं असतं. रंग आंबटाला एक आणि साबणाला दुसरा, यात चमत्कार तो काय! आणि आपल्याला हे त्या दिवशी रांगेत उभं असताना का सुचलं नाही, म्हणून त्यांना वहिनीचाच थोडा रागही आला.

"हे कोणाला बोलू नका," ते म्हणाले.

"का?"

"पुरावा लागतो."

"मग हे काय आहे?"

"मी बघतो," काका म्हणाले. आपल्याकडे गोष्टी जितक्या 'मी बघतो' या दोन शब्दांखाली गाडल्या गेल्यात, तितक्या जमिनीखाली गेल्या नसतील.

वहिनी गेली. काकांच्या डोक्यात एक किडा वळवळायला लागला होता. जलवैद्य खोटा, ठीक. वहिनीच्या हातात काही नाही, ठीक. पण मग रोपं कशानं पिवळी पडतायत? शिरा हिरव्या आणि मधलं पान पिवळं, हे लक्षण साबणी पाण्याचं, हे काकांना ठाऊक होतं. चार महिन्यांपूर्वी कोणी विचारलं असतं तर झोपेत सांगितलं असतं.

त्यांनी दार लोटून घेतलं. कपात व्हिनेगर ओतलं आणि यंत्राची दांडी त्यात बुडवली.

सात पूर्णांक शून्य.

दुसऱ्या कपात सोड्याचं पाणी. सात पूर्णांक शून्य. समोरचा चहा राहिला होता, त्यात घातली. सात पूर्णांक शून्य. त्यांनी दांडी उजेडात धरली, डोळ्यांजवळ आणली. टोकाच्या काचेच्या फुग्यावर केसाएवढी चीर होती. चार महिन्यांपूर्वी ती टाकीच्या कडेवर आपटली होती. तेव्हाही ही रेघ त्यांना दिसली होती, आणि ओरखडा असेल म्हणून त्यांनी ती पुसून टाकली होती. त्याच दिवसापासून आकडा सातावर बसला होता. पूर्वी यंत्र खालीवर व्हायचं, मालक वैतागायचे. आता ते एकदम गुणी झालं होतं, आणि गुणी झालेल्याला कोण तपासतं! यंत्र विकणाऱ्यानं ठरावीक पीएचच्या पाण्याच्या दोन छोट्या बाटल्या दिल्या होत्या, यंत्र खरं बोलतंय का ते अधूनमधून पडताळायला. त्या कपाटात होत्या, सीलबंद.

कोबीची गोष्ट उघडी पडली, की पुढचा प्रश्न पाण्याचाच येणार. पाण्याचा प्रश्न आला, की वही उघडणार. बावीस वर्षांची नोकरी, हे टेबल, हे नाव, सगळं त्या केसाएवढ्या चिरेतून गळून जाणार होतं. इकडे फक्त एक दिवस राहिला होता. उद्या शेवटची शुद्धी होईल, वहिनीचा पेला गुलाबी होईल, तिची खोली राहील, जलवैद्य जातील. मग आपण हळूच नवीन दांडी मागवू. कोणाचंच काही बिघडणार नाही.

असा विचार करून त्या माणसानं दांडी पुसली, पेटीत ठेवली, आणि शनिवारी सकाळी उठून वहीत सात पूर्णांक शून्य लिहिलं. मग पत्र्याची खोली उघडली आणि तिसऱ्यांदा बादली भरली. याची बाजू मी घेणार नाही. शुक्रवारपर्यंत जे झालं त्याला मूर्खपणा म्हणता आलं असतं. शनिवारची बादली त्यांनी सगळं कळून भरली.

वहिनीनं हात बुडवले. शंभर होईपर्यंत ती बादलीकडे बघत नव्हती, काकांकडे बघत होती. काका खाली बघत होते.

दहा वाजता तिसऱ्या काचघरात पाय ठेवायला जागा नव्हती. आसपासचे बागायतदार बोलावले होते. एका बाजूला खोकी रचली होती आणि त्यांत 'जीवनजल' असं छापलेल्या बाटल्या होत्या. शुद्धी डोळ्यांनी बघून लोक बाटल्या नेणार, असा बेत होता.

"पहा!" जलवैद्य म्हणाले. "बुधवारी या हातानं पाणी विषारी केलं होतं."

मुकादमानं वहिनीच्या बोटांवरची फडकी सोडली. पहिल्या रांगेतल्या एका बागायतदारानं तोंड फिरवलं. दोन बोटांची कातडी मोज्यासारखी सैल झाली होती. वहिनीनं ती बोटं पेल्यात घातली आणि पाणी गुलाबी झालं.

टाळ्यांचा कडकडाट झाला. "उतरलं!" जलवैद्य ओरडले. मालकांचे डोळे भरून आले. आणि त्या भरात ते बोलून गेले, "महाराज, सगळ्यांचंच एकदा परत बघून घ्या. मनाला शांती."

जलवैद्यांना नाही म्हणता आलं नाही. पुन्हा रांग लागली. जांभळं, जांभळं, जांभळं. मग ट्रे धुणाऱ्या दोघी नव्या बायका आल्या, नुकत्या हौदावरून उठून. पहिलीनं बोटं बुडवली. हिरवं. दुसरीनं, त्या मोजणारीनं, भीत भीत एकच बोट बुडवलं. हिरवं.

पुढे सरकणारी रांग जागीच थांबली.

जलवैद्यांची पापणी लवली नाही. "उतरलेलं विष," ते म्हणाले, "कुठेतरी जाणारच."

झालं. जी माणसं बुधवारी वहिनीपासून सरकली होती, ती आता त्या दोघींपासून सरकली. बाकापाशी दोघींभोवती रिकामं वर्तुळ पडलं. मोजणारी रडायला लागली. "मी काही केलं नाही हो! देवाशप्पथ, मी काहीच केलं नाही!" मुकादमाची नजर तोवर ॲसिडच्या बादलीकडे गेलीही होती.

वहिनीनं मोजणारीकडे बघितलं. तिला बरं वाटलं. अगदी खरं सांगायचं तर मनातून खूप बरं वाटलं, आणि आणखी थोडा वेळ तिला ते वाटू द्यायचं होतं. मग मुकादमानं बादलीची कडी उचलली आणि वहिनी बोलली.

"ती ठेव खाली. मालक, मला एक मग सोड्याचं पाणी द्या. हौदातलं."

"कशाला?"

"द्या तर खरं."

भरलेला मग आला. तिनं तो मनगटांत धरला आणि न शिवलेल्या एका जांभळ्या पेल्यात कलता केला. पेला हिरवा झाला.

"आता यात हात कोणाचा?" ती म्हणाली.

तिनं कनवटीला लावून आणलेली लिंबाची फोड दातांनी धरून शेजारच्या पेल्यात पिळली. गुलाबी झाला. तोच पेला तिनं सोड्यानं हिरवा केला, पुन्हा लिंबानं गुलाबी केला. मग खोलीतून आणलेली बरणी तिनं चादरीवर ठेवली. बरणीत जांभळं पाणी होतं. तिनं त्यातही तेच करून दाखवलं.

"हे मी काल माझ्या खोलीत केलं. जांभळा कोबी चिरायचा, उकळायचा, गाळायचा. मंत्र नाही, काही नाही. सोडा पडला की हिरवं, आंबट पडलं की गुलाबी. हा गेल्या मंगळवारी आवारात हिंडला तेव्हा त्यानं हौद बघितला, माझे हात बघितले. तेव्हाच ठरलं कोणाला धरायचं ते. आणि तीन दिवस माझे हात ॲसिडमध्ये घातल्यावर गुलाबी होणार नाही तर काय होईल? या दोघींना विष नाही झालेलं. या दोघी माझ्या जागी ट्रे धुतात."

एक बागायतदार पुढे आला, बरणीत नाक घातलं आणि म्हणाला, "अहो, कोबीच आहे की हो."

इथे गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण जलवैद्य धंद्यात मुरलेले होते. त्यांनी कोटाची बटणं लावत मालकांना अगदी शांतपणे विचारलं, "बाई हुशार आहेत. कोबी तर कोबी. पण मग तुमची रोपं का मरतात? पाणी तर शास्त्राप्रमाणे निर्दोष आहे. तुमचं यंत्र सात सांगतं. हो ना?"

आणि त्यांनी मीटरकाकांकडे बघितलं. सगळ्यांनीच बघितलं.

काकांनी हातातली वही पाठीमागे धरली.

"भाऊजी," वहिनी म्हणाली, "यंत्र आणा."

काकांनी यंत्र आणलं. दुसरं काय करणार होते? वहिनीनं लिंबाचा गुलाबी पेला पुढे सरकवला. दांडी बुडाली. सगळे पडद्यावर वाकले. सात पूर्णांक शून्य. सोड्याचा हिरवा पेला. सात पूर्णांक शून्य. मागून कोणीतरी खुसकन हसलं. "माझ्या तोंडात घाला, सातच येईल," एक गाडीवाला म्हणाला, आणि मग हशाचा स्फोट झाला. चार महिने ज्या आकड्यापुढे माना डोलावल्या, त्यालाच आता लोक पोट धरून हसत होते.

मालक हसत नव्हते. "हे कधीपासून?"

"चार महिने," काका म्हणाले. "फुगा तडकलाय. मला काल कळलं."

"काल?" वहिनीनं विचारलं. "मी गेल्यावर?"

काकांनी होकाराची मान हलवली.

"आणि आज सकाळी बादली भरलीत."

यावर हशा थांबला.

तिनं टाकीचं पाणी मागवलं. जलवैद्यांनी पेल्यांसाठी पाणी स्वतःचं आणलं होतं, हिमनदीचं म्हणून, कारण इथलं घातलं असतं तर रंग आधीच फिरला असता. वहिनीनं शेवटच्या जांभळ्या पेल्यात टाकीचं पाणी ओतलं. पेला हिरवा झाला नाही, गुलाबीही झाला नाही. स्वच्छ निळा झाला. तिला त्याचा अर्थ कळला नाही आणि ती काकांकडे बघत राहिली.

"साबणी आहे," काका म्हणाले. "सोड्याइतकं नाही, पण आठाच्या वर असणार. पूर्वी होतं तसंच. पाणी सुधारलं नव्हतंच. असल्या पाण्यात मुळांना लोह घेता येत नाही, म्हणून पानं पिवळी. ॲसिड घालायला हवं होतं. रोज. टाकीत."

जे ॲसिड टाकीत पडायला हवं होतं, त्यात तीन दिवस एका बाईचे हात बुडवले होते. एवढाच या चमत्काराचा हिशेब. भोंदूच्या कोबीनं रंग खरा सांगितला होता, खोटा होता तो भोंदू. आणि शास्त्राच्या नावानं टेबलावर बसलेलं यंत्र चार महिने धडधडीत खोटं बोलत होतं.

जलवैद्यांना कोणी धरलं नाही. खोकी गाडीत चढली. मालक म्हणाले, लोकांपुढे शोभा नको. एका बागायतदारानं तर जाता जाता 'जीवनजल'च्या दोन बाटल्या मागून घेतल्या. असू द्या, नुकसान तर नाही ना, असं तो म्हणाला. मोजणारी बाई वहिनीच्या पाया पडायला आली तेव्हा वहिनीनं पाय मागे घेतले.

"झालं गेलं सोडा," मालक म्हणाले. "चूक आपल्या सगळ्यांचीच झाली."

"सगळ्यांची नाही," वहिनी म्हणाली. "माझी नाही."

टाकीत ॲसिड पडायला लागल्यावर दोन आठवड्यांत नवी पानं हिरवी आली. काकांचं टेबल राहिलं, कारण पाणी मोजता येणारा दुसरा माणूस मालकांकडे नव्हता. वहिनीची खोली राहिली. डॉक्टर म्हणाले, कातडी येईल, पण उजव्या हाताच्या बोटांच्या टोकांना पूर्वीसारखं जाणवणार नाही. आता सुई हातात आहे की निसटली, ते तिला बघितल्याशिवाय कळत नाही.

एकदा काका औषध घेऊन तिच्या दाराशी गेले आणि उंबऱ्यात उभं राहून म्हणाले, "वहिनी, मी त्यात दुप्पट पाणी घातलं होतं. तिन्ही दिवस."

"माहीत आहे," ती म्हणाली. "बादली भरताना बघत होते मी. म्हणजे भाजतं, हे तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं."

तिनं औषध घेतलं आणि दार लावलं.

वाचकहो, पाणी मोजायला रंग बदलणारी कागदाची पट्टी घ्या, बाटलीतले थेंब घ्या, महागडं यंत्र घ्या, नाहीतर कोबी उकळा. प्रत्येकाचा उपयोग आहे. पण आधी त्याला असं काहीतरी मोजायला द्या, ज्याचं उत्तर तुम्हाला पक्कं ठाऊक आहे. लिंबू आंबट निघतं का बघा, सोडा साबणी निघतो का बघा. जे साधन दोन्हीला एकच उत्तर देतं, ते पांढऱ्या कोटात असो वा चामड्याच्या पेटीत, फेकून द्या. माणसांचंही तसंच करा. कोणी तुमच्यासमोर एका बाईला उभी करून म्हणालं की हिच्या हातात दोष आहे, तर टाळ्या वाजवण्याआधी आणि शंभर मोजण्याआधी एवढंच म्हणा: थांबा, आधी तुमचे हात घाला. आणि हे त्याच दिवशी म्हणा. तीन दिवसांनी म्हटलेलं खरं भाजलेल्या बोटांच्या कामी येत नाही.